टिकली मासोळीची अंडी थांबेनात

एक होती मासोळी. करंगळीएवढी. शेपटीजवळ काळा ठिपका. म्हणून नाव टिकली.

टिकली राहायची नदीत. पावसाळा आला. पोटात अंडी भरली. पोट गच्च झालं. पण नदीला पूर. पुरात अंडी घालायची कशी? वाहून जातील ना!

वर माळावर उथळ पाणी होतं. पाण्यात गवत होतं. आईने तिथेच अंडी घातली होती. आजीनेही तिथेच घातली होती.

निघाल्या सात बहिणी. टिकली सगळ्यांत धाकटी. ओढ्यातून वर, वर. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

वाटेत काय? दगडांचा बांध! ओढ्याची वाट बंद. टिकलीने उडी मारली. थप्प! पुन्हा मारली. थप्प!

बांधाखाली नुसतं डबकं. श्रावणातलं ऊन पडलं. मागचा ओढा आटला. डबकंही आटायला लागलं.

बांधावर हौसा बसली होती. बांध तिनेच घातला होता. मांडीवर तिची लेक ठमी. शेजारी रिकामी टोपली.

"हौसाबाई, हौसाबाई, दगड काढ. माझी अंडी थांबेनात."

हौसा म्हणाली, "मी नाही काढायची. ठमी उपाशी आहे. संध्याकाळी डबकं आटेल. मग टोपलीत मासे धरीन. शेळी दूध देईल, तरच दगड काढीन."

झप्प! खंड्या पक्षी आला. एक बहीण गेली.

हौसाची शेळी काठावर बांधली होती. टिकली गेली शेळीकडे. सुळुक सुळुक.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे. हौसा दगड काढीना, माझी अंडी थांबेनात."

शेळी म्हणाली, "बें बें. मी नाही द्यायची. पोटात पाला नाही. उंबर पाला देईल, तरच दूध देईन."

टिकली गेली उंबराकडे. सुळुक सुळुक. उंबराची मुळं डबक्यात होती.

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, पाला द्या. शेळी दूध देईना, हौसा दगड काढीना, माझी अंडी थांबेनात."

उंबर म्हणाला, "मी नाही द्यायचा. माझी फांदी उंच. शेळीचं तोंड पोचत नाही. वानर फांदी वाकवेल, तरच पाला देईन."

टुक! बगळा आला. टुक! दोन बहिणी गेल्या.

टिकलीने वर पाहिलं. उंबराच्या शेंड्यावर वानर.

"वानरदादा, वानरदादा, फांदी वाकव. उंबर पाला देईना, शेळी दूध देईना, हौसा दगड काढीना, माझी अंडी थांबेनात."

वानर म्हणालं, "हूप! मी नाही वाकवायचं. फांदीवर लाल मुंग्या. कडकडून चावतात. मुंग्या फांदी सोडतील, तरच वाकवीन."

पाणी आणखी आटलं. एक बहीण चिखलात रुतली. तिचं तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. मिटलं. मग उघडलंच नाही.

टिकली रडली. पण थांबली नाही.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, फांदी सोडा. वानर फांदी वाकवीना, उंबर पाला देईना, शेळी दूध देईना, हौसा दगड काढीना, माझी अंडी थांबेनात."

मुंग्या म्हणाल्या, "आम्ही नाही सोडायच्या. आमची राणी पाण्यात पडली. इथूनच तिला बघतोय. राणी परत येईल, तरच फांदी सोडू."

झप्प! खंड्या पुन्हा आला. आता दोघीच उरल्या. टिकली आणि थोरली.

टिकली गेली राणीकडे. सुळुक सुळुक. राणी एका पानाला धरून होती. भिजलेली. गारठलेली.

टिकलीला भूक लागली होती. फार भूक. मासोळ्या मुंग्या खातात. टिकलीने तोंड उघडलं.

राणी म्हणाली, "नको गं. माझ्या पोटात अंडी आहेत."

"तुझ्याही?"

"हो."

टिकलीने तोंड मिटलं. नाकाने पान ढकललं. हळू, हळू. उंबराच्या मुळापर्यंत. राणी वर चढली. तुरुतुरु.

राणी परत आली. मुंग्यांनी फांदी सोडली. वानराने फांदी वाकवली. कर्रर्र! उंबराने पाला दिला. शेळीने पाला खाल्ला. कचर कचर. शेळीने दूध दिलं. चुर्र चुर्र.

ठमी दूध प्यायली. गटागट.

हौसाने डबक्यात पाहिलं. मासे तळाशी आले होते. हात घातला की टोपलीत! उद्याचीही सोय झाली असती. हौसाने टोपली उचलली. मग खाली ठेवली.

टिकली आडवी पडली होती. हौसाकडे बघत होती.

"शब्द दिलाय मी," हौसा म्हणाली. आणि तिने दगड काढला.

खळखळ खळखळ! पाणी आलं. गार गार पाणी. टिकली उठली. थोरली उठली. दोघी वर चढल्या. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

माळावर उथळ पाणी. पाण्यात गवत. टिकलीने गवताला अंडी चिकटवली. खूप खूप अंडी.

थोरली नुसती बघत राहिली. तिचं पोट सपाट होतं. तिची अंडी चिखलातच पडली होती. तिथेच वाळून गेली होती.

एक दिवस गेला. बेडकाने काही अंडी खाल्ली. दुसरा दिवस गेला. काही अंडी पांढरी पडली. ती मेली. दोघी बहिणी तिथेच थांबल्या.

तिसऱ्या दिवशी उरलेली अंडी हलली. फुट! एक पिल्लू. फुट! दुसरं. फुट फुट फुट! केसाएवढी पिल्लं. डोळे तेवढे काळे काळे.

थोरली हळूच म्हणाली, "टिकले, ह्यातलं एक माझं म्हणू?"

टिकली म्हणाली, "एक कशाला गं? सगळीच म्हण."

पाणी गेलं पुढे. गोष्ट थांबली इथे.