धोंगडेबाईंचं 'येस सर'

पहिलीच्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं, हे कारखानीस साहेब शिक्षकांच्या प्रशिक्षणात सकाळपासून फाडफाड इंग्रजीत सांगत होते. मधूनच "अंडरस्टूड?" विचारत, सगळे "येस सर!" म्हणत.

जेवणानंतर साहेब एकदम मराठीत गरजले, "धोंगडेबाई, काल तुमचा वर्ग पाहिला. पोरांना ओ की ठो कळत नाही, नुसती 'येस टीचर' म्हणतात. तुमच्या लक्षात कसं येत नाही हो?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगितलं तर आणखीच नाचक्की. तरी त्या उठल्या.

"चुकलंच माझं, सर. पण सकाळपासून मलाही ओ की ठो कळलेलं नाही. मीही 'येस सर'च म्हणतेय. तुमच्या कुठं लक्षात आलं?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच माना खाली गेल्या होत्या, साहेबांचीसुद्धा.