कोऱ्या प्रोग्राममधल्या चुका

टाकी भरली की घंटा वाजवणारं यंत्र शलाकाने शाळेच्या प्रदर्शनासाठी केलं होतं. ते छान चालत होतं. मग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या खांबेटे सरांनी संगणकावर प्रोग्राम लिहून यंत्रात पाठवायचं नवं सॉफ्टवेअर घातलं, आणि घंटा वाजवणारा शलाकाचा प्रोग्राम यंत्रात उतरेना. पडदा लाल अक्षरांतल्या चुकांनी भरून गेला.

“सर, काल चालत होतं,” ती म्हणाली.

“काल तुझ्या चुका खपून गेल्या, बाई! नवं सॉफ्टवेअर कडक आहे, मी स्वतः घातलंय. परीक्षक यायच्या आत चुका काढ, नाहीतर टेबल रिकामं कर.”

सगळा वर्ग बघत होता. शलाकाने आपला प्रोग्राम बंद केला. सॉफ्टवेअर स्वतःच देतं तो कोरा प्रोग्राम उघडून तिने यंत्रात पाठवायचं बटण दाबलं. त्याच लाल ओळी पुन्हा उमटल्या.

“सर, यात माझं एक अक्षरही नाही,” ती हळूच म्हणाली. “आता कोणाच्या चुका काढू?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“ऊठ,” ते म्हणाले, “मला बसू दे.”

परीक्षक आले तेव्हा जुनं सॉफ्टवेअर परत आलं होतं आणि घंटा वाजत होती.