धाकोजीनं न सोडलेला ओंडका

तुमच्या-आमच्या पणज्यांच्या पणज्या परकरात बागडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या आधीचीही असेल. साल मात्र विचारू नका. उंबरघळीत साल विचारलं की वरची आळी एक सांगते, खालची आळी दुसरं सांगते आणि विचारणारा उपाशी घरी जातो.

उंबरघळीची गढी खड्ड्यात आहे. गड डोंगरावर बांधावा हे सगळ्या मुलखाला ठाऊक, पण आमच्या पाटलांच्या मूळ पुरुषाला पाणी वर वाहायचा कंटाळा. म्हणून त्यानं झऱ्याच्या काठी, उताराच्या अगदी पायथ्याला गढी बांधली, असं म्हणतात. भिंत मात्र बांधली खरी. दोन्ही अंगांना काळे घडीव चिरे, पोटात दगडगोटे, आणि रुंदी इतकी की वर बैलगाडी वळावी. मी वळवलेली नाही. वळवणारेही कुणी भेटले नाहीत, पण सांगणारे पुष्कळ भेटले.

एका पावसाळ्यात उतारावरचा लोंढा आला आणि भिंतीला खिंडार पडलं. गवंड्यांनी ते बुजवलं, पण चुना मुरायला वेळ लागतो. तो ओला असतानाच एक सरदार फौज घेऊन चालून आला. कुणाचा सरदार, कशासाठी आला, ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याच्या शिपायांनाही नक्की ठाऊक नव्हतं, असं म्हणतात. गाव मात्र गुराढोरांसकट गढीत शिरलं आणि दरवाजा बंद झाला.

सरदारानं एक भला मोठा सागाचा ओंडका तासून घेतला, त्याच्या तोंडाला एडक्याचं लोखंडी डोकं बसवलं, अगदी शिंगांसकट, आणि खाली चाकं लावली. शिपाई दोन्ही बाजूंनी धरून पळत यायचे आणि भिंतीवर आदळायचे. भिंतीला काही झालं नाही, शिपायांचे दात हलले. त्यात एक म्हणायचा चल, दुसरा म्हणायचा थांब, त्यामुळे एडका ताडी प्यालेल्या रेड्यासारखा तिरका जायचा आणि भलत्याच दगडाला डोकं लावायचा. दगडी भिंत काही धडकेनं पडत नाही. सगळा जोर एका दमात, एकाच जागी बसला तर पडते. ही गोष्ट सरदाराच्या ध्यानात आली आणि जागाही सापडली. ओल्या चुन्याचं ते खिंडार.

आता समोरच्या उतारावरून एडका सोडला की झालं. पण एवढं धूड वर ओढणार कोण? तर धाकोजी हाळकरी आणि त्याची माणसं. जंगलात लाकडं पाडून ती ओढून आणायचा त्यांचा धंदा. फौज आली तेव्हा ती रानातच होती, म्हणून गढीबाहेर राहिली आणि आयती सापडली.

त्यांच्या धंद्याची एक रीत होती. हाळकरी पुढं उभा राहून हाळी द्यायचा आणि त्या तालावर माणसं दोर ओढायची. दोरावरचा हात सुटायचा तो हाळकऱ्यानं "सोड" म्हटल्यावरच. चढावर एकानं जरी आधी हात सोडला तरी ओंडका खालच्यांना चिरडतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हात असे वळले होते की दुसऱ्या कुणाच्या शब्दानं मूठ उघडायचीच नाही. बाप सांगो, बायको सांगो, प्रत्यक्ष खंडोबा सांगो.

सरदार म्हणाला, "वर ओढा. मी म्हणालो की सोडा."

"सरकार, तुमच्या म्हणण्यानं न्हाई सुटायचा," धाकोजी म्हणाला. "माझ्याच म्हणण्यानं सुटंल. त्यांचं हातच तसं हाईत."

सरदारानं तलवार त्याच्या मानेला लावली. "मग तू म्हण."

आता ऐका. धाकोजीची एकुलती एक लेक, ठकू, गढीत दिलेली. तिच्या सासरचं घर भिंतीला टेकून, नेमकं त्या खिंडाराच्या आतल्या अंगाला. ठकू बाळंतीण. फौज यायच्या आदल्याच दिवशी धाकोजी तिला डिंकाचे लाडू देऊन, नातवाचं तोंड बघून रानात गेला होता.

एडका थोडा वर ओढला गेला. मानेवर तलवार होती. धाकोजी म्हणाला, "सोड."

एडका गडगडत गेला आणि नेमका बसला. भिंतीतून घंटेसारखा नाद निघाला, एक चिरा तसूभर आत सरकला, चुन्याचा पांढरा ओघळ खाली आला. आणि आतून तान्हं बाळ रडलं. एवढ्या रुंद भिंतीतून रडणं कसं ऐकू आलं ते मला विचारू नका. धाकोजीला आलं. दुसऱ्या कुणाला आल्याचं कुणी सांगत नाही.

सरदार खूश झाला. "पुन्हा."

धाकोजी डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "सरकार, टोला बसला, पण पोरकट बसला. अजून वरनं सोडू. जितकं वर, तितका मोठा."

हे सरदाराला पटलं. पटण्यासारखंच होतं. हाळी सुरू झाली, एडका वर चढला. निम्म्यावर आल्यावर सरदार म्हणाला, "आता?"

"सोडतो की. पण अजून जरा वर गेला तर एका टोल्यात काम. पुन्हा वढाय नगं."

दोर ओढणाऱ्या लखूनं हळूच विचारलं, "धाकूदा, किती वर?"

"वढ रं. तुला घरी जाऊन बायकोची बोलणीच खायची हाईत न्हवं?"

एडका माथ्यावर आला. तिथून सोडला असता तर नवी भिंत राहू द्या, जुनीही राहिली नसती, असं म्हणतात. सरदाराचे डोळे चमकले. "सोड."

धाकोजीनं खाली बघितलं. त्याला भिंत दिसली आणि भिंतीमागचं कौलारू घर दिसलं. "सरकार, हितं मधी आंब्याचं झाड हाय. एडका अडकंल. जरा पल्याडनं फिरवून सोडू."

आणि हाळी देत देत एडका माथ्याच्या पलीकडे उतरला. फौज मागोमाग. थोड्या वेळानं सरदार घोडा थांबवून चहूकडे बघायला लागला.

"गढी कुठं आहे?"

"मागं ऱ्हायली, सरकार."

"मग आपण कुठं चाललोय?"

"तेच बघतूया," धाकोजी म्हणाला.

सरदार ओरडला, "सोडा." एकाचीही मूठ उघडली नाही. दोर कापावेत, तर एडका पलीकडच्या दरीत जाणार. धाकोजीला मारावं, तर सोड म्हणणारं तोंडच जाणार. लोखंड सरदाराचं, साग सरदाराचा, टाकून तरी कसं जावं? तेव्हा फौज आपल्याच ओंडक्यामागं चालू लागली. कंटाळा आला तसे शिपाई गळत गेले आणि वाटेतल्या गावांत राहिले. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक गावात एक तरी घर असं असतं, ज्याला आपण मुळचे कुठले हे सांगता येत नाही. सरदाराचं पुढं काय झालं याची पाच उत्तरं आहेत, ती पुन्हा कधी.

धाकोजीनं हे डोकं चालवून केलं, की भीतीनं त्याला तो शब्दच आठवेना, हे आजवर ठरलेलं नाही. मला विचाराल तर दोन्ही खरं.

इकडे गढीतल्या लोकांना समोर मोकळा माळ दिसला. त्यांना वाटलं, यात काहीतरी कावा आहे. त्यांनी दरवाजा उघडायला इतके दिवस लावले की तोवर ठकूच्या बाळाचं बारसं झालं.

पुढं दोर ओढणारी माणसं एकेक करून परत आली. धाकोजीनंच एकेकाच्या मुठीतून दोर उपसून त्याला "तू जा" म्हणून वाटेला लावलं होतं. पण "सोड" कुणालाच म्हटलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या मुठी आवळलेल्याच. बायकांनी महिनाभर घास भरवले. दोघा-तिघांना ते आवडलं, त्यांच्या मुठी उघडायला आणखी वेळ लागला.

धाकोजी कुठं आहे, असं ठकूनं विचारलं, तर एकानं उगवती दाखवली, एकानं मावळती, आणि लखू म्हणाला, "शेवटी म्या एकलाच दोरावर हुतो बग. मला बी जा म्हणला. वळून बघितलं तर एडका आपला आपण त्याच्या हाळीमागं चाललेला."

ठकू पोर कडेवर घेऊन निघाली. ओंडक्याची चाकोरी चहूकडे गेलेली. पहिल्या गावच्या वेशीत एक म्हातारी शेण्या थापत होती. ठकूनं विचारलं, "माझा आबा हितनं गेला का?"

त्या गावातून ना एडका गेला होता, ना हाळकरी, असं म्हणतात. म्हातारीनं पोरीच्या पायांकडे बघितलं, कडेवरच्या बाळाकडे बघितलं.

"आत्ताच गेला की."

"दमला हुता का?"

"न्हाई बाई. चांगला हाळी देत हुता. तू बस, भाकरी खा."

गावोगाव तेच झालं. शेवटच्या गावात ठकूनं मागं वळून बघितलं आणि ती घरी आली. आपला बाप चालतोय, दमलेला नाही, एवढं तिला पुरलं, असं म्हणतात. पुरलं की नाही, कोण जाणे.

अजूनही दर माघात उंबरघळीची माणसं खांद्यावर नुसता दोर टाकून शेजारच्या गावी जातात. वेशीत थांबून विचारतात, "आमचा धाकोजी हितनं गेला का?" उत्तर द्यायचा मान त्या गावच्या नव्या सुनेचा, जिचं माहेर सगळ्यात लांब तिचा. तिला आधी कुणी काही शिकवत नाही. नुसतं वेशीत आणून उभं करतात. कुणी म्हणते दमला नव्हता, कुणी म्हणते पाणी पिऊन गेला. उत्तर मिळालं की सगळे भाकरी खातात आणि दोर घेऊन परततात.

औंदा मी गेलो होतो. सून अगदी कोवळी, कोकणातली. प्रश्न ऐकून गोंधळली, सगळ्यांची तोंडं बघत राहिली. मग पदर ओठांशी नेऊन म्हणाली, "आत्ताच गेले. माझी चौकशी करत होते."