गुंजूच्या आईची गोधडी

एक होतं पिल्लू. कुत्र्याचं पिल्लू. इवलंसं. मऊमऊ. गुंजेएवढं. म्हणून त्याचं नाव गुंजू.

गुंजूची आई चांदी. कपाळावर तिच्या पांढरा टिळा. बोरवाडीच्या कडेला एक पडकी भिंत होती. त्या भिंतीच्या आडोशाला दोघं राहायची. खाली कडबा, वर गोधडी. मधे चांदी, आणि चांदीच्या कुशीत गुंजू.

काल काय झालं? कोल्हा आला. कोंबड्या न्यायला आला. चांदी धावली. कोल्हा पळाला. पण चांदीचा पाय दुखावला. आता तिला उठवेना. आता तिला चालवेना.

आज काय झालं? वारा आला. थंडगार वारा. सूंऽऽ सूंऽऽ! गोधडी उडाली. बोरीच्या काट्यांत अडकली. गुंजूनं ती ओढली.

टर्रर्र!

गोधडी फाटली.

चांदी रागावली नाही. नुसती कुडकुडत राहिली. कुड कुड, कुड कुड.

गुंजू म्हणालं, "आई, तू पडून राहा. मी गोधडी शिवून आणीन."

त्यानं गोधडी तोंडात धरली. निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु.

गावात होती अनुसयाआजी. आजी गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांच्या, जुन्या धोतरांच्या. साऱ्या गावाला ऊब द्यायची.

गुंजू म्हणालं,

"आजी आजी, गोधडी शिव.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

आजीनं गोधडी मांडीवर घेतली. फाटल्या जागी हात फिरवला.

"अगं बाई! केवढी फाटली रे ही!"

आजीनं सुई घेतली. सुई रिकामी. डबा उघडला. डबा रिकामा.

"शिवली असती रे लेकरा. पण दोरा संपला. हरबाकाकांकडून दोरा आण. मग शिवीन गोधडी."

गुंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु.

हरबाकाका सूत काढायचे. टकळीवर काढायचे. गरगर, गरगर. पण आज टकळी गप्प होती.

गुंजू म्हणालं,

"काका काका, दोरा द्या.
दोरा देईन आजीला.
आजी शिवेल गोधडी.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

काकांनी टकळी उचलली. हात थरथरला. टकळी पडली. टक्!

"कसा देऊ बाळा? सकाळपासून पोटात काही नाही. हातात बळ नाही. सगुणामावशीकडून भाकरी आण. मग देईन दोरा."

गुंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु.

सगुणामावशी भाकरी थापायची. थप थप थप. तिची भाकरी चंद्रासारखी गोल. आज चूल पेटलेली होती. तवा तापलेला होता. पण परात रिकामी होती.

गुंजू म्हणालं,

"मावशी मावशी, भाकरी दे.
भाकरी देईन काकांना.
काका देतील दोरा.
दोरा देईन आजीला.
आजी शिवेल गोधडी.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

मावशीनं कपाळाला हात लावला.

"चूल आहे, तवा आहे. पीठच नाही रे राजा! जात्याकडून पीठ आण. मग थापीन भाकरी."

तिनं एक दुरडी घेतली. बांबूची, हातानं विणलेली. एवढीशी. दुरडीत फडकं अंथरलं. दुरडी गुंजूच्या गळ्यात बांधली.

"आता जा हो, माझ्या सोन्या."

गुंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु. दुरडी हलली. डुगडुग, डुगडुग.

छपरीत होतं जातं. दगडाचं जातं. जुनं आणि जड.

गुंजू म्हणालं,

"जात्या जात्या, पीठ दे.
पीठ देईन मावशीला.
मावशी थापेल भाकरी.
भाकरी देईन काकांना.
काका देतील दोरा.
दोरा देईन आजीला.
आजी शिवेल गोधडी.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

जातं जड आवाजात बोललं. घर्रर्र.

"देईन की. पण दळू काय? माझ्या तोंडात दाणा नाही. शेताकडून दाणे आण. मग देईन पीठ."

शेत दूर होतं. वाटेत ढेकळं होती. वाटेत काटे होते. एक काटा गुंजूच्या पायात रुतला. कुंई!

गुंजू खाली बसलं. दातांनी काटा काढला. मग मागं वळून पाहिलं. पडकी भिंत लांब राहिली होती. आई दिसतही नव्हती.

मागं फिरावं का? आईच्या कुशीत शिरावं का?

पण गोधडी तर फाटकीच होती.

गुंजू उठलं. लंगडत निघालं. लुटु... लुटु... लुटु... लुटु...

शेत आलं. ज्वारीचं शेत. उंच उंच ताटं. टपोरी टपोरी कणसं.

गुंजू म्हणालं,

"शेता शेता, दाणे दे.
दाणे देईन जात्याला.
जातं देईल पीठ.
पीठ देईन मावशीला.
मावशी थापेल भाकरी.
भाकरी देईन काकांना.
काका देतील दोरा.
दोरा देईन आजीला.
आजी शिवेल गोधडी.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

शेत सळसळलं. सळ सळ, सळ सळ.

"देईन रे. पण वर बघ. पाखरं बसलीत. सगळे दाणे टिपतायत. आज राखणीला कोणी नाही. पाखरं उडव. मग देईन दाणे."

गुंजूनं वर पाहिलं. कणसाकणसावर पाखरं. टिप टिप टिप. टिप टिप टिप.

गुंजू म्हणालं,

"पाखरांनो पाखरांनो, उडून जा.
शेत देईल दाणे.
दाणे देईन जात्याला.
जातं देईल पीठ.
पीठ देईन मावशीला.
मावशी थापेल भाकरी.
भाकरी देईन काकांना.
काका देतील दोरा.
दोरा देईन आजीला.
आजी शिवेल गोधडी.
गोधडी घालीन आईला.
आई माझी कुडकुडते."

पाखरं उडाली नाहीत. टिप टिप टिप.

एक पाखरू म्हणालं, "आम्हालाही भूक आहे. सांगून का कोणी उडतं? जो भुंकतो, त्याला आम्ही भितो. तुला भुंकता येतं?"

गुंजूनं कान पाडले.

ते कधी भुंकलंच नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं. "कुंई!"

टिप टिप टिप.

"कुंई कुंई!"

टिप टिप टिप. एक पाखरू तर दुरडीच्या काठावर येऊन बसलं.

ऊन उतरलं. वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ. गुंजूचे कान गार पडले. नाक गार पडलं. ते मातीवर बसलं. डोळ्यांत पाणी आलं. अगदी हळू, आपल्याशीच ते म्हणालं,

"आई माझी कुडकुडते."

मग ते उभं राहिलं. चारी पाय घट्ट रोवले. छातीत वारा भरून घेतला. पोटातून जोर लावला.

"भू!"

गुंजू स्वतःच दचकलं. कोण भुंकलं? मीच की!

"भू! भू! भूऽऽ भूऽऽ!"

भुर्रर्रर्र! पाखरं उडाली. सगळी उडाली.

दूर भिंतीच्या आडोशाला चांदीनं मान उचलली. कान टवकारले. हा आवाज तिनं आधी कधी ऐकला नव्हता. पण कुणाचा, ते तिला कळलं.

शेत म्हणालं, "शाब्बास रे वाघा! हे घे दाणे."

सर्रर्र! दुरडी भरली.

पाखरं आभाळात फिरत होती. गुंजूनं त्यांच्याकडे पाहिलं.

"शेता, त्यांनाही भूक आहे," ते म्हणालं.

शेत थोडा वेळ सळसळलं. मग म्हणालं, "बरं. बांधावरची कणसं पाखरांची. तिथं या रे, पोटभर खा. आतली तेवढी राहू द्या."

पाखरं बांधावर उतरली. गुंजू मागं फिरलं. लुटुलुटु, लुटुलुटु. दुरडी हलली. डुगडुग, डुगडुग.

दाणे दिले जात्याला. जातं फिरलं. घर्र घर्र, घर्र घर्र. भुरभुर भुरभुर पीठ पडलं.

पीठ दिलं मावशीला. मावशीनं पीठ मळलं. थप थप थप. भाकरी तव्यावर पडली. चर्रर्र! भाकरी टम्म फुगली. मावशीनं ती फडक्यात बांधली, दुरडीत ठेवली.

गरम गरम भाकरी. खरपूस वास. गुंजूच्या नाकाखालीच दुरडी! सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं. ते थांबलं. तोंडाला पाणी सुटलं. जीभ बाहेर आली.

मग त्यानं जीभ आत घेतली. नाक वर केलं. तसंच चालत राहिलं.

भाकरी दिली काकांना. काकांनी एक घास खाल्ला. दुसरा घास खाल्ला. मग गुंजूकडे पाहिलं.

"तू काही खाल्लंस का रे?"

"आई खाईल. मग मी खाईन."

काकांनी तोंडापाशी नेलेला घास खाली ठेवला. भाकरीची चतकोर मोडली. दुरडीत ठेवली.

"ही तुमची दोघांची."

मग काकांनी टकळी उचलली. हात थरथरला नाही. गरगर, गरगर. लांब लांब दोरा निघाला. पांढरा दोरा. पक्का दोरा.

दोरा दिला आजीला. आजीनं सुई ओवली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. सुई खाली, सुई वर. फाटकं जुळलं. त्यावर आजीनं लाल लुगड्याचं ठिगळ लावलं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. दोऱ्याला गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.

झाली गोधडी!

गुंजूनं ती तोंडात धरली. पण पाय लटपटले. फार चाललं होतं ना ते! आजीनं गोधडी एका काखेत घेतली. गुंजूला दुसऱ्या काखेत घेतलं.

"चल, माझ्या लेकरा. तुझ्या आईकडे जाऊ."

चांदी भिंतीच्या आडोशाला पडली होती. कुड कुड, कुड कुड.

आजीनं गोधडी उलगडली. चांदीच्या पाठीवर घातली. पोटाशी खोचली. दुखऱ्या पायावर हात ठेवला.

कुड कुड, कुड कुड.

कुड... कुड...

कुड...

थांबलं.

गुंजूनं दुरडी पुढं केली. चांदीनं चतकोर हुंगली. अर्धी खाल्ली. अर्धी नाकानं गुंजूकडे सारली. गुंजूनं ती खाल्ली. कणही ठेवला नाही.

चांदीनं मग त्याला चाटलं. कान चाटले. नाक चाटलं. काटा रुतलेला पाय चाटला.

आजी उठली नाही. दोघांपाशीच बसून राहिली. हळूच म्हणाली, "मघाशी शेतात कोण भुंकलं गं, चांदी?"

चांदीनं शेपूट हलवली. एकदाच.

गुंजूनं काही ऐकलं नाही. ते गोधडीत शिरलं होतं. आईच्या कुशीत शिरलं होतं. ते केव्हाच झोपलं होतं.

पाखरं उडाली, शेतानं दिलं,
जातं फिरलं, पीठ झालं,
भाकरी भाजली, दोरा निघाला,
गोधडी मिळाली चांदीला.
गोष्ट निजली गोधडीत,
बाळा, तू नीज कुशीत.