नऊ दिवसांची कांजी

"मग आता तरी देऊ ना तिला, माई?"

नीरजा तिसऱ्यांदा विचारत होती. हातात कांजीचं मडकं. उकड्या तांदळाची पेज आंबवून केलेली, तोंड धुवायची कांजी.

खाडीकाठच्या त्या मठीत जानकीमाई चाळीस वर्षं लोकांना औषध देत होत्या. नीरजा सहा वर्षांपासून त्यांची शिष्या. ग्रंथ तोंडपाठ, आणि तोंडही तेवढंच चालणारं. पण स्वतः केलेलं औषध दुसऱ्याला द्यायची परवानगी माईंनी अजून दिली नव्हती. ते तिला फार सलायचं.

बाहेर ओटीवर हिरा बसली होती. मिठागरात राबणारी बाई. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तिचा चेहरा कोरडा पडून तडकला होता. साबण लावला की आग, नुसता चोळला तरी आग. महिनाभर तिने धड तोंड धुतलं नव्हतं.

"किती दिवसांची कांजी?" माईंनी विचारलं.

"नऊ."

"आपण दोन दिवसांची देतो."

"दोन दिवसांत काय कपाळ गुण येणार, माई? मुरू दिली की जोर येतो."

माईंनी मडक्यावर वाकून वास घेतला.

"झोंबत नाही ना?"

"छे! आधीचं अख्खं मडकं मी स्वतः वापरलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा माझा चेहरा."

चेहरा खरंच तुकतुकीत दिसत होता. नीरजाची कातडी मुळात तेलकट. तिला ते आंबट पाणी मानवलं होतं, यात नवल नाही.

"ओत," म्हणून माईंनी ओंजळ पुढे केली.

नीरजाला वाटलं, चाखून बघतील. तिने ओंजळ काठोकाठ भरली.

माईंनी डोळे घट्ट मिटले आणि ती ओंजळ स्वतःच्या तोंडाला चोळली.

...

दहा श्वास गेले असतील. गालांवर लाल चट्टे उठले. मग कपाळावर. पापण्या सुजल्या, मिटल्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. माई मांडी घालून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

नीरजाच्या हातून मडकं निसटलं.

"माई! अहो, धुवा ते! धुवा आधी!"

ओरडली खरी, पण पाय जागचे हलेनात. आपण हे काय करून बसलो, एवढंच तिच्या मनात घुमत होतं.

हिरा ओटीवरून धावत आत आली. तिने कळशी उचलली, गार पाण्याची बारीक धार माईंच्या तोंडावर धरली आणि पदराने ते अलगद टिपू लागली.

"घासू नका हां, माई. मीच टिपते."

नीरजा पुटपुटली, "मला काय माहीत... माईंची कातडी इतकी नाजूक..."

हिराचा हात थांबला.

"म्हंजे? तुम्हाला ठाऊक नव्हतं? मी तर आल्या आल्या बघितलं. माझ्यासारखीच हाय की त्यांची. कोरडीठाक. भुवयांपाशी कोंडा, नाकाच्या कडेला भेगा... सहा वर्सं हितंच ऱ्हाता ना तुम्ही?"

इतके ग्रंथ पाठ, पण या एका प्रश्नाला त्यांतलं एक अक्षर कामाला येईना.

"हिरा," माई डोळे न उघडता म्हणाल्या, "तू जाऊ नकोस. तुझ्यासाठी परवा मी वेगळी कांजी घातलीय. चुलीमागे आहे. आधी कानामागे एक थेंब लाव. उद्यापर्यंत झोंबली नाही, तर मग तोंडाला."

म्हणजे माईंना सगळं आधीच ठाऊक होतं! तरी त्यांनी ओंजळ पुढे केली होती.

नीरजा हमसून रडू लागली आणि तशीच खाली कोसळून तिने माईंच्या पावलांवर डोकं ठेवलं.

"चुकले, माई. मला क्षमा करा..."

माईंनी पाय मागे ओढून घेतले.

सुजलेल्या पापण्या त्यांनी कष्टाने उघडल्या आणि म्हणाल्या, "सहा वर्षं पायच बघत आलीस. आता जरा तोंड बघ."