वामन शिंप्याचा जुना कॅमेरा

तलावांच्या मुलखात, रानाला लागून असलेल्या एका गावात वामन पतंगे नावाचा शिंपी राहत होता. दिवसभर तो शिवणयंत्रावर बसे आणि सकाळी, दुकान उघडण्याआधी, गळ्यात कॅमेरा अडकवून तलावावर जाई. त्याला पाखरांचे फोटो काढायचा नाद होता. त्याने कॅमेरा घेतला तेव्हा गावात तेवढा एकच डिजिटल कॅमेरा होता. आता त्याच्या कडांचा रंग उडाला होता, मागच्या पडद्यावर चरा पडला होता आणि बॅटरीचं झाकण काळ्या शिवणदोऱ्याने बांधून ठेवलेलं होतं. तरी कॅमेरा चालत होता. दर पाडव्याला गावच्या वाचनालयात पाखरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरे आणि वामनच्या फोटोंपुढे लोक हमखास थांबत. वामन दाराशी उभा राहून, आपलं तिकडे लक्षच नाही असं दाखवत, शब्दन् शब्द ऐकत असे.

मग गावच्या शाळेत हेमराज कठाणे नावाचे मास्तर बदलून आले. त्यांनाही हाच नाद. त्यांचा कॅमेरा नवाकोरा होता आणि त्याला हातभर लांब लेन्स होती. पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा पिवळा डोळासुद्धा त्यांच्या फोटोत लख्ख दिसे. माणूस मात्र साधा होता, आणि वामनची खरी अडचण तीच होती. मास्तर गर्विष्ठ असते तर त्यांच्यावर मनसोक्त रागावता तरी आलं असतं. त्या पाडव्याला सगळी गर्दी मास्तरांच्या फोटोंपुढे जमली. वामनच्या फोटोंपुढून लोक मान हलवून पुढे गेले.

घरी येऊन वामन बायकोला म्हणाला, "शेवंता, आता नवा कॅमेरा घ्यावा म्हणतो."

"का? बिघडला का तो?"

"नाही."

"मग काहून बदलायचा?"

माझा फोटो कुणी पाहिला नाही, असं बायकोला कसं सांगणार? शेवटी त्याने मनाशी एक तोड काढली. जुन्या कॅमेऱ्याला आणखी एक पाडवा द्यायचा. त्याचा फोटो मास्तरांच्या फोटोशेजारी शोभला, तर तोच ठेवायचा. नाही शोभला, तर नवा घ्यायचा. परीक्षा कॅमेऱ्याची आहे, अशी त्याची समजूत होती.

वर्ष सरत आलं. फाल्गुनात वामनला तलावाकाठच्या जांभळीवर नाचण पक्ष्याचं घरटं सापडलं. नाचण म्हणजे शेपटीचा पंखा उघडत-मिटत सारखा नाचणारा चिमणीएवढा पक्षी. घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली एवढीशी वाटी. तिच्यात पिलं होती आणि नर-मादी दोघं चोचीत किडे घेऊन ये-जा करत होते. फांदी इतकी खाली होती की माणसाचा हात पोचावा. हाच तो फोटो, त्याला वाटलं.

पण घरट्याभोवती पानांची दाट जाळी होती. लांबून काढला तर पक्षी ठिपक्याएवढा येई. जवळून काढला तर पानं आड येत, आणि सावलीत त्या जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोवर राखाडी दाणे उमटत. वामन रोज जाई, रोज हात हलवत परत येई. पाडवा जवळ आला होता.

एका सकाळी त्याने खिशातली दोरे कापायची कात्री काढली. एक डहाळी तर कापायची, त्यात काय मोठं? एक कापली. थोडा उजेड आला. मग दुसरी कापली. मग हात थांबेना. सदऱ्याचा गळा बेतावा तसा त्याने त्या पानांत सुबक गोल गळा कापला. सकाळचं ऊन थेट वाटीत पडलं. पिलांनी चोची उघडल्या, मादी शेपटीचा पंखा पसरून काठावर बसली आणि वामनने बटण दाबलं. असा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आनंदातच तलावावर गेला. जांभळीच्या बुंध्याजवळून एक भारद्वाज चालत बाहेर आला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं लोक मानतात, म्हणून वामनने चटकन हात जोडले. भारद्वाज जड पंखांनी उडून गेला. मग वामनने वर पाहिलं. वाटी एका बाजूने फाटली होती. आत काही नव्हतं. मादी चोचीत किडा घेऊन आली, वाटीच्या काठावर बसली, आत वाकून पाहून उडाली. थोड्या वेळाने तोच किडा घेऊन पुन्हा आली. वामनचे जोडलेले हात आपोआप सुटले. आपण कुणाला नमस्कार केला आणि त्याला वाट कुणी करून दिली, हे त्याला लख्ख कळलं. शरमेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तेव्हाच त्याने फोटो पुसून टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फोटो फार चांगला होता हो. पिलं गेली ती गेली, आता फोटो पुसून ती थोडीच परत येणार आहेत, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावू शकतो.

पाडव्याला वाचनालयात त्या फोटोपुढे माणसं दाटली. वाचनालयाचे अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, "पाहा, कॅमेऱ्यात काही नाही राहत. हातात राहते." वामन मान खाली घालून उभा होता. लोकांना तो नम्रपणा वाटला आणि त्यांनी त्याचंही कौतुक केलं.

मास्तर कितीतरी वेळ फोटो पाहत होते. मग म्हणाले, "हे घरटं मीही पाहिलं होतं, वामनभाऊ. पानं फार दाट होती. जवळ गेलो तर पक्षी बिथरतील म्हणून लांबूनच परतलो. तुम्ही धन्य आहात. पिलं उडाली का?"

सांगायची हीच वेळ होती. वामनने तोंड उघडलं. भोवती सगळं गाव होतं.

"उडाली," तो म्हणाला.

"मग आता तिथे जायला हरकत नाही. उद्या मुलांना ते घरटं दाखवायला आणतो. कसं पाहायचं, कुठे उभं राहायचं, तुम्हीच सांगा त्यांना."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. वामन हो म्हणाला. घरी शेवंताने पुरणपोळी वाढली आणि हसून म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं? आता नको ना नवा कॅमेरा?" त्याने अर्धी पोळी ताटातच ठेवली आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जांभळीखाली पोचला. कापलेल्या डहाळ्यांची पांढरी टोकं लांबूनही दिसत होती. कात्रीचा काप कुणालाही ओळखू आला असता. वामनने तलावाकाठचा ओंजळभर चिखल उचलला आणि एकेका टोकाला फासू लागला. गावात ज्याच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तो माणूस चोरासारखा इकडे-तिकडे पाहत झाडाला चिखल लावत होता.

तेवढ्यात नाचण मादी आली. पाखरू भलतं धीट. ती त्याच्या हाताजवळच्या फांदीवर बसली आणि शेपटीचा पंखा पसरून नाचली. पानांची जाळी कापणारा माणूस हाच, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं म्हणूनच वामनला ते सोसवेना. त्याचा हात तसाच वर राहिला. किती वेळ राहिला, कुणास ठाऊक. मुलांचा गलबला कानावर आला तेव्हा अर्धी टोकं चिखलाने माखलेली होती, अर्धी पांढरीच होती.

"वामनभाऊ, हाताला चिखल कसला?" मास्तरांनी विचारलं.

वामनने पाण्याकडे पाहिलं. पळून जावंसं वाटलं. पण तो मास्तरांकडे वळला.

"पिलं उडाली नाही, सर," तो म्हणाला. "भारद्वाजानं नेली. पानं मीच कापली होती, फोटोसाठी. आता ते झाकत होतो."

मास्तरांनी वर पाहिलं, पानांतला तो गोल गळा पाहिला, आणि नजर दुसरीकडे वळवली. रागावले असते तर वामनला बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "नवा कॅमेरा घेऊन टाका, भाऊ. लांबून फोटो येतो. मग असं करावं लागणार नाही."

"असं करावं लागलंच नव्हतं, सर," वामन म्हणाला. "लांबून काढला असता तर माझ्या जुन्या कॅमेऱ्यातही फोटो आला असता. पक्षी लहान आला असता, एवढंच. तेवढं माझ्यानं सोसवलं नाही."

मास्तर मुलांना घेऊन परतले. वामन तलावात उतरून हात धुऊन आला आणि तसाच वाचनालयात गेला. त्याने फोटो भिंतीवरून उतरवला. अध्यक्षांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. एकदा सांगून झालं होतं म्हणून दुसऱ्यांदा सोपं गेलं, असं काही नाही. शेवंताला सांगताना तर त्याला वर बघवेना.

"मग नवा घेता का आता?" तिने विचारलं.

"नको," वामन म्हणाला. "खोट त्याच्यात नव्हती."

तात्पर्य: साधन उणं असलं तर काम थोडं उणं होतं, एवढंच, पण ते उणेपण लपवायला दुसऱ्याचं घरटं उघडं पाडलं, तर माणूसच उणा ठरतो.