ससाणा थोरली, ससा धाकटी

एका माळावर धनगरांची एक वस्ती होती. तिथल्या मायाप्पाला दोन मुली. थोरली बनाई, धाकटी ठकू. बनाईची नजर अशी तेज, की कोसभरावर हललेलं झुडूप तिला दिसायचं. भीती तर तिला ठाऊकच नव्हती. ठकू मात्र पान पडलं तरी दचकायची. वस्तीवरची माणसं म्हणायची, "थोरली ससाणा, धाकटी ससा. एका आईच्या लेकी कशा म्हणाव्यात?" ठकू हसून ऐकून घेई, पण मनातून कष्टी होई.

थंडीतल्या एका सकाळी दोघी मेंढरं घेऊन निघाल्या आणि वाटेतच दाट धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. बनाई म्हणाली, "चल गं, वाट माझ्या पायाखालची आहे." ती पुढं झाली. तिच्या पायानं एक खडा घरंगळला आणि जरा वेळानं, खूप खाली, पाण्यात पडला. मेंढरांच्या ओरडण्यात तो आवाज बनाईला कळलाच नाही. ठकूला कळला. तिनं बहिणीचा हात गच्च धरला.

"अक्का, पाऊल टाकू नको. पुढं जुनी खाण आहे."

मेंढरं अडवून दोघी तिथंच बसल्या, एकमेकींना बिलगून. धुकं विरलं तेव्हा खाणीची कड हातभर अंतरावर होती. बनाई दोन पावलं मागं सरली. इतक्यात तिला लांब गवतात दबा धरलेला लांडगा दिसला. काठी उगारून ती धावली आणि त्याला पार ओढ्यापल्याड पिटाळून आली.

संध्याकाळी बनाईनंच वस्तीवर सगळं सांगितलं. "ठकूनं धरलं नसतं, तर मी आज खाणीत असते."

झालं, माणसांची जीभ फिरली. "म्हणजे ससाच मोठा निघाला. ससाण्याचा नुसता तोरा."

बनाईनं मान खाली घातली. जे ऐकायला ठकू इतकी वर्षं आसुसली होती, तेच आज तिच्या कानांवर पडत होतं. पण तिला ते गोड लागेना. ती उठली आणि पहिल्यांदाच चारचौघांत बोलली.

"लांडगा आला तेव्हा मी डोळे मिटून मेंढरांत लपले होते. धावली ती अक्का. मी एकटी असते, तर निम्मी मेंढरं गेली असती."

मायाप्पाचे डोळे भरून आले. बनाईनं जरा सरकून धाकटीला आपल्या घोंगडीत जागा करून दिली.

तात्पर्य: ज्याचं त्याचं बळ वेगळं असतं, एकाला मोठं म्हणायला दुसऱ्याला लहान करू नये.